विंडसरची आग: राजवाडा जळाल्यावर पैसे कोणी द्यायचे आणि परत काय बांधायचं

जुने वाडे-राजवाडे सांभाळायचा विषय निघाला की दोन भांडणं हमखास एकत्र येतात. खर्च कोणी करायचा हे एक, आणि पडलंय ते परत तसंच्या तसं बांधायचं की नवीन काही करायचं हे दुसरं. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच दमात सुरू होतात आणि मग वर्षानुवर्षं काहीच होत नाही, तोवर छत गळतं, वासे कुजतात. इंग्लंडमधल्या विंडसर कॅसलला 1992 मध्ये आग लागली तेव्हा हे दोन्ही प्रश्न एकदमच समोर आले होते, पण ते सुटे करून एकामागून एक सोडवले गेले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. जे लोक सार्वजनिक पदावर नव्हते, म्हणजे कर्मचारी, कंत्राटदाराची माणसं वगैरे, त्यांची नावं मुद्दाम टाळलीयत, कोणी काय काम करत होतं एवढं पुरे आहे.

पार्श्वभूमी

विंडसर कॅसल मूळचा अकराव्या शतकातला, विल्यम द काँकररने बांधायला घेतलेला किल्ला. तेव्हापासून राजघराणं तिथे राहतंय. आज आपण जे भव्य दरबारी दालनं म्हणून बघतो त्यातली बरीचशी 1820 च्या दशकातली, चौथ्या जॉर्जने जेफ्री वायटव्हिल नावाच्या आर्किटेक्टकडून करून घेतलेली. लाल, हिरवी अशी रंगावरून नावं असलेली दालनं, सोनेरी मुलामा दिलेली छतं, हे सगळं त्या काळातलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मालकीचं गणित समजून घेणं महत्त्वाचं आहे कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच झाला. बालमोरल आणि सँड्रिंगहॅम हे राजवाडे तेव्हा राणी एलिझाबेथची खाजगी मालमत्ता होते, पण विंडसर तसा नाही, तो राजपदाचा, म्हणजे गादीवर जो असेल त्याच्याकडे वापराला, पण विकता येत नाही. त्याच्या देखभालीला सरकार दरवर्षी अनुदान द्यायचं आणि 1991 पासून ते पैसे खर्च करायचं काम राजघराण्याच्या कार्यालयाकडे आलं होतं. ज्या राजवाड्यांत राजघराणं राहत नाही, म्हणजे टॉवर ऑफ लंडन, हॅम्प्टन कोर्ट वगैरे, त्यांच्यासाठी 1989 मध्ये हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस ही वेगळी सरकारी एजन्सी झाली होती, ती 1998 मध्ये स्वतंत्र धर्मादाय संस्था झाली. म्हणजे राजवाडे एकाच देशाचे, पण ताबा वेगवेगळ्या हातांत. आणि विंडसरचा बाजारातला विमा नव्हता. सरकारी इमारतींचा धोका सरकार स्वतःच पत्करतं, हे तिथलं धोरण.

कॅसलमध्ये त्या काळात वायरिंग बदलायचं काम चालू होतं. त्यामुळे बऱ्याच दालनांतली चित्रं आणि फर्निचर आधीच हलवलेलं होतं. हे निव्वळ नशीब. कोणी आगीचा विचार करून ते हलवलं नव्हतं.

काय झालं

20 नोव्हेंबर 1992, शुक्रवार. राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांच्या लग्नाचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सकाळी साडेअकराच्या सुमाराला राणीच्या खाजगी चॅपलमध्ये, जिथे चित्रांची तपासणी चालू होती, एका स्पॉटलाइटला पडदा टेकला आणि त्याने पेट घेतला. बस, एवढंच कारण. कुठलाही कट नाही, वीज पडली नाही, गरम दिवा आणि जाड कापड.

कॅसलची स्वतःची छोटी फायर ब्रिगेड होती, बाहेरच्या गाड्याही काही मिनिटांत आल्या, तरी आग पसरत गेली कारण वरच्या छतांमध्ये लांबच लांब पोकळ्या होत्या. खालून बघितलं तर वेगवेगळी दालनं, जाड भिंती, दणकट दारं, आणि वर मात्र सगळं एकमेकांना जोडलेलं, मध्ये आगीला अडवणारं काहीच नाही. दुमजली-तिमजली जुन्या वाड्याचा माळा ज्याने बघितलाय त्याला हे लगेच कळेल.

इथे पहिला निर्णय आला आणि तो तासाभरात घ्यायचा होता. जळत असलेल्या दालनांत पाणी मारत बसायचं की तो भाग गेला असं समजून पुढे आग अडवायची? फायर ब्रिगेडने दुसरा रस्ता धरला. सेंट जॉर्जेस हॉलच्या पलीकडच्या टोकाला आणि दुसऱ्या बाजूला ग्रीन ड्रॉइंग रूमपाशी आग थोपवायच्या रेषा ठरवल्या आणि तिथे सगळा जोर लावला. मधलं सगळं सोडून द्यावं लागलं. ब्रन्सविक टॉवर पेटला, संध्याकाळी हॉलचं छत कोसळलं. दोनशेहून जास्त जवान, साधारण 68 लाख लिटर पाणी, आणि पूर्ण विझायला पंधरा तास.

दुसरीकडे कर्मचारी, वायरिंगवाल्या कंत्राटदाराची माणसं, जवळच्या बराकीतले सैनिक, राणीचा मुलगा प्रिन्स अँड्र्यू, सगळ्यांनी साखळी करून वस्तू बाहेर काढल्या. चित्रं, घड्याळं, चिनी मातीची भांडी, गालिचे, सगळं एका हातातून दुसऱ्या हातात जात मोकळ्या आवारात. लिओनार्दोची रेखाटनं जिथे असतात त्या लायब्ररीपर्यंत आग पोचली नाही. मोठं म्हणावं असं एकच चित्र गेलं, बीची या चित्रकाराचं, तिसरा जॉर्ज सैन्याची पाहणी करतोय असं, ते इतकं अवाढव्य होतं की भिंतीवरून उतरवून बाहेर काढणं शक्यच नव्हतं. एक मोठं साइडबोर्ड आणि थोडी भांडी गेली. कोणाचा जीव गेला नाही.

इमारतीचं नुकसान मात्र प्रचंड. 115 खोल्या, त्यातली नऊ दरबारी दालनं.

पहिला पेच: पैसे

आग विझल्या विझल्या वारसा खात्याच्या मंत्र्यांनी, पीटर ब्रूक यांनी, जाहीर करून टाकलं की खर्च सरकार करेल. कायद्याने बघितलं तर बरोबरच होतं, इमारत सरकारी जबाबदारीची, विमा नाही, मग दुसरं कोण देणार? पण ती वेळ बघा. ब्रिटनमध्ये मंदी चालू होती, दोनच महिन्यांपूर्वी सप्टेंबरमध्ये पौंड गडगडला होता, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, घरं जप्त होत होती, आणि राणी तेव्हा आयकर भरत नव्हती. वर राजघराण्यातली लग्नं त्या वर्षी एकामागोमाग एक मोडत होती. लोक म्हणाले कॅसल उभा असताना तो त्यांचा आणि जळला की आमचा का? हा प्रश्न मला आजही अगदी रास्त वाटतो, त्यात राजघराण्याचा द्वेष शोधायचं कारण नाही.

चारच दिवसांनी, 24 नोव्हेंबरला राणीने लंडनच्या गिल्डहॉलमधल्या भाषणात ते वर्ष आपल्यासाठी भयंकर गेलं असं सांगितलं. 26 तारखेला पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत सांगितलं की राणी 1993 पासून आपल्या खाजगी उत्पन्नावर कर भरणार आहे. त्याची बोलणी आगीच्या आधीपासून चालू होती म्हणतात, पण लोकांना दिसताना ते आगीनंतरच दिसलं.

पुढे खर्चासाठी चार वाटा होत्या. सगळं सरकारने द्यायचं, जसं मंत्री बोलून बसले होते. सगळं राणीने खाजगी पैशातून द्यायचं, जे लोकांना आवडलं असतं पण मग जी इमारत तिला विकता येत नाही तिची संपूर्ण दुरुस्ती तिने स्वतःच्या खिशातून का करायची हा प्रश्न उरला असता, आणि पुढच्या प्रत्येक गळक्या छताला तोच पायंडा पडला असता. लोकवर्गणी काढायची, पण त्या वातावरणात ती कोण देणार होतं? आणि चौथी, राजवाड्यांनाच कमवायला लावायचं.

एप्रिल 1993 मध्ये चौथी वाट ठरली. विंडसरच्या आवारात आधी लोक फुकट फिरायचे, तिथे तिकीट लावलं. आणि बकिंगहॅम पॅलेस, जो सामान्य माणसाने फक्त लोखंडी गेटाबाहेरून बघितला होता, त्याची दरबारी दालनं उन्हाळ्यात राणी स्कॉटलंडला बालमोरलला असताना लोकांसाठी उघडायची ठरली. ऑगस्ट 1993 मध्ये ती उघडली, तिकीट 8 पौंड. या दोन्हींतून दुरुस्तीचा साधारण 70 टक्के खर्च काढायचा, उरलेला राजवाड्यांना दरवर्षी मिळणाऱ्या नेहमीच्या अनुदानातूनच भागवायचा, त्यासाठी वेगळा पैसा मागायचा नाही. राणीने स्वतःचे 20 लाख पौंडही घातले.

मला या निर्णयातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की पैसे येण्याचा रस्ता आणि लोकांचा राग शांत व्हायचा रस्ता एकच निघाला. ज्यांच्या पैशाने दुरुस्ती होणार त्यांना त्या बदल्यात आत जायला मिळालं. नुसतं तिकीट विंडसरला वाढवलं असतं तर तो दंड वाटला असता. बकिंगहॅमचं दार उघडलं म्हणून ती देवाणघेवाण वाटली.

दुसरा पेच: परत काय बांधायचं

आता डिझाइन. कमिट्या दोन, दुरुस्तीच्या मुख्य कमिटीवर प्रिन्स फिलिप आणि कला-डिझाइनच्या उपसमितीवर प्रिन्स चार्ल्स, जे आधुनिक आर्किटेक्चरवर उघड टीका करायचे. आर्किटेक्ट मंडळींतले बरेच जण म्हणत होते की आजच्या काळातली इमारत उभी करायची ही शतकातून एकदा येणारी संधी आहे. दुसरा गट म्हणे, काडीचाही फरक नको. जळका सांगाडा तसाच ठेवायचा हाही एक विचार असतोच. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला त्यानंतर तो परत बांधला गेला नाही, आज आपण तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि आतले जोते बघतो. इंदूरच्या राजवाड्याचा मागचा भाग 1984 मध्ये जळाला, तो पुढे पुन्हा उभा केला. दोन्ही रस्ते आपल्याच लोकांच्या वास्तूंमध्ये बघायला मिळतात. पण विंडसर वापरातला राजवाडा, परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या मेजवान्या तिथे होतात, मग उघडा सांगाडा ठेवून चाललं नसतं.

पण जसं होतं तसं म्हणजे नेमकं कधी होतं तसं? सेंट जॉर्जेस हॉलचंच बघा. तिसऱ्या एडवर्डच्या काळात तिथे मध्ययुगीन हॉल होता. दुसऱ्या चार्ल्सच्या काळात तिथे व्हेरिओ या चित्रकाराने रंगवलेली भित्तिचित्रं आणि शेजारी चॅपल. चौथ्या जॉर्जच्या काळात वायटव्हिलने चॅपल आणि हॉलमधली भिंत काढून साधारण 55 मीटर लांबीचं एकच दालन केलं, चित्रं गेली, आणि वर जे छत घातलं ते प्लास्टरचं, लाकडासारखं दिसावं म्हणून रंगवलेलं. आणि इतक्या लांब खोलीला ते फार चपटं दिसतं अशी तक्रार आधीपासून होतीच. म्हणजे जळालं ते लाकडाचं सोंग घेतलेलं प्लास्टर होतं. ते हुबेहूब परत करायचं तर कशासाठी?

इथेच निर्णय असा झाला की सगळ्या इमारतीला एकच नियम लावायचा नाही. खोली खोलीचा वेगळा विचार. ज्या दालनांतलं बरंच काही वाचलं होतं, फर्निचर तर जवळजवळ सगळं सुखरूप बाहेर होतं आणि ते त्याच दालनांसाठी बनवलेलं होतं, ती दालनं, म्हणजे क्रिमझन, ग्रीन, ग्रँड रिसेप्शन रूम, 1820 च्या दशकातल्यासारखीच परत करायची. ते काम डोनाल्ड इन्सॉल असोसिएट्सकडे. जिथे काहीच उरलं नव्हतं किंवा आधीचंच फारसं चांगलं नव्हतं तिथे नवीन. ते सिडेल गिब्सन या फर्मकडे, आर्किटेक्ट जाइल्स डाउन्स.

प्रत्यक्ष काम

आधी सुकवणं. एवढं पाणी जाडजूड दगडी भिंतींत मुरलेलं, ते निघाल्याशिवाय वर काहीही चढवलं तर बुरशी आणि पोपडे ठरलेले. राडारोडा ट्रकने फेकून न देता चाळला, त्यातून प्लास्टरच्या नक्षीचे, कोरीव लाकडाचे तुकडे निघाले, काही परत जागेवर बसवले आणि काहींवरून साचे घेऊन उरलेलं बनवलं. घाईत साफसफाई केली असती तर पुढचं निम्मं रिस्टोरेशन अंदाजपंचेच झालं असतं. वाडा पडला की दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून जागा मोकळी करायची जी सवय आपल्याकडे आहे त्यात नेमकं हेच कायमचं जातं, कडीपाटाचा एक नक्षीदार तुकडा नाहीतर खांबाचा एक कोरीव माथा शिल्लक असता तर त्यावरून बाकीचे करता आले असते.

मग हॉलचं छत. डाउन्सने लाकडाचं सोंग टाकून खरंखुरं लाकूड आणलं, हॅमर-बीम पद्धतीचं, म्हणजे भिंतींतून पुढे काढलेल्या आखूड तुळयांवर पेललेलं उंच छत, हेरफर्डशरच्या ओकचं, आणि ओलं लाकूड. वाळवलेलं का नाही? इतक्या जाडीचं ओक पुरतं वाळायला वर्षानुवर्षं लागतात, तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता, पण ओल्याचा एक फायदाही आहे. एका लाकडाला भोक पाडायचं, दुसऱ्याची जीभ त्यात घालायची, आरपार ओकचीच खुंटी ठोकायची, आणि मग लाकूड जागेवरच सुकत आकसत जातं तसा सांधा आणखी घट्ट आवळत जातो. मध्ययुगात सुतार असंच करायचे. म्हणजे छत नवीन डिझाइनचं, कशाचीही नक्कल नाही, पण बांधायची रीत सहा-सातशे वर्षांपूर्वीची. ओल्या ओकमध्ये मध्ययुगानंतर बांधलेलं हे सगळ्यात मोठं काम समजतात. छतावर गार्टर सन्मान मिळालेल्या सरदारांच्या ढाली रंगवलेल्या आहेत आणि ज्यांचा सन्मान पुढे काढून घेतला त्यांच्या जागी कोऱ्या पांढऱ्या ढाली. त्या बुजवल्या नाहीत, क्रम मोडला नाही, हे मला फार आवडतं.

जिथे आग लागली ती चॅपलची जागा परत चॅपलला दिली नाही. तिथे अष्टकोनी लँटर्न लॉबी केली, जी दोन बाजूंच्या दालनांना जोडते, आणि छोटं नवीन चॅपल शेजारी हलवलं. त्याच्या रंगीत काचेच्या खिडकीची कल्पना प्रिन्स फिलिपची, खालच्या भागात आग विझवणारा जवान आणि सामान वाहून नेणारा माणूस आहे. आणि मोठ्या मुदपाकखान्यात, नंतरच्या शतकांतलं काम जळून पडल्यावर, मध्ययुगीन छताचा भाग उघडा पडला. तो आता दिसतो.

निष्पत्ती

छतांसकट मूळ बांधकामाचा टप्पा मे 1996 मध्ये संपला. आतलं काम 1998 च्या वसंतापर्यंत चालेल असा अंदाज होता, ते नोव्हेंबर 1997 मध्येच झालं, बरोब्बर पाच वर्षांत, राणीच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. बजेट साधारण 4 कोटी पौंडांचं होतं, लागले 3 कोटी 65 लाखांच्या आसपास. जुन्या इमारतीचं काम वेळेआधी आणि बजेटच्या आत, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, किती विरळा आहे. माझ्या मते याचं मुख्य कारण पैशाचा प्रश्न डिझाइनच्या आधी मिटला होता, त्यामुळे नंतर निधी अडकला म्हणून काम थांबलं असं झालं नाही.

बकिंगहॅमचं दार पाच वर्षांपुरतं उघडायचं ठरलं होतं, ते परत बंद झालं नाही. दरवर्षी उन्हाळ्यात लोक जातात. 1993 मध्येच रॉयल कलेक्शन ट्रस्ट झाली आणि तिकिटांचे पैसे आता तिच्यामार्फत संग्रहाच्या देखभालीला जातात.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे हॅम्प्टन कोर्ट. मार्च 1986 मध्ये तिथे आग लागली होती, तिथे राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचा त्यात मृत्यू झाला, आणि तिथल्या दालनांचंही असंच नुकसान झालं. राजवाड्यांना आगीपासून कसं वाचवायचं यावर तेव्हाच चौकशी झाली होती. तरी सहा वर्षांनी विंडसरच्या छतातल्या पोकळ्या मोकळ्याच होत्या. एका राजवाड्याचा धडा दुसऱ्याकडे पोचायला काहीतरी यंत्रणा लागते, आणि ताबा वेगवेगळ्या खात्यांकडे असला की ती नसते. विंडसरनंतर 1993 मध्ये परत अहवाल झाला आणि त्यातही आग एका कप्प्यात कोंडून ठेवण्यावर भर होता. माळ्यावर मध्ये मध्ये आडव्या भिंती घालणं हे काही महागडं तंत्रज्ञान नाही.

दुसरं, काम चालू असलेल्या इमारतीतला दिवा. जुन्या वास्तूंना आग अनेकदा दुरुस्ती-देखभाल चालू असतानाच लागते. पडदे, लाकूड, धूळ यांच्यापासून दिवा किती लांब हवा आणि तो कोण बघणार, एवढं एक पान लिहून भिंतीवर लावलेलं असतं तर पाच वर्षांचं काम वाचलं असतं. ज्या माणसाच्या हातून झालं त्याला दोष देऊन काही मिळत नाही, त्या जागी कोणीही असू शकलं असतं.

तिसरं, मंत्र्यांची घाई. पैसे कोण देणार हे आगीच्या धुरात जाहीर करायची गरज नव्हती. चार-पाच महिने थांबून जो तोडगा निघाला तोच आधी निघाला असता तर इतकी कटुता झाली नसती.

चौथं, तिकिटावर उभं राहिलेलं मॉडेल एका पायावर उभं असतं. 2020 मध्ये कोविडमुळे दारं बंद झाली, परदेशी पर्यटक थांबले, आणि रॉयल कलेक्शन ट्रस्टला माणसं कमी करावी लागली. फक्त तिकिटांवर वाडा चालवायचं स्वप्न बघणाऱ्या आपल्याकडच्या घराण्यांनी आणि ट्रस्टींनी हे वर्ष जरूर अभ्यासावं. थोडी तरी गंगाजळी बाजूला हवीच.

बकिंगहॅमच्या बाबतीत मात्र आधीच हालचाल झाली. तिथलं वायरिंग, नळ, हीटिंग जुनं झालं होतं, बराचसा भाग 1950 च्या दशकातला, आणि आगीचा धोका आहे हे कारण सांगूनच 2016 मध्ये दहा वर्षांचं, 36 कोटी 90 लाख पौंडांचं काम मंजूर झालं. पैसा यायचा रस्ताही आधीच ठरवला, राजघराण्याला क्राउन इस्टेटच्या, म्हणजे राजपदाच्या नावे असलेल्या जमीन-मालमत्तेच्या, नफ्याच्या हिशोबाने मिळणारं अनुदान 15 टक्क्यांवरून काही वर्षांसाठी 25 टक्के केलं. तेव्हाही लोकांनी विचारलं की एवढा पैसा राजवाड्यावर का, आणि तो प्रश्न विचारलाच पाहिजे. पण यावेळी चर्चा झाली ती छत डोक्यावर शाबूत असताना.